लेओनची तीन मतं : एका छोट्या प्रादेशिक पक्षाचं प्रकरण

स्पेनच्या वायव्येकडच्या लेओन प्रांतात रस्त्याकडेच्या सरकारी पाट्या बघण्यासारख्या आहेत. ‘कास्तिया ई लेओन’ हे प्रदेशाचं नाव जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे बऱ्याच पाट्यांवर ‘कास्तिया ई’ एवढाच भाग रंगाने बुजवलेला असतो. उरतं ते फक्त ‘लेओन’. पाटी नवी बसवली तरी काही दिवसांत पुन्हा तेच. राजधानीतून येणाऱ्या पाहुण्याला ही टवाळ पोरांची करामत वाटते. लेओनच्या माणसाला तसं वाटत नाही. ‘आम्हाला न विचारता आमचं नाव दुसऱ्याच्या नावाला जोडलं’ ही तिथली जुनी तक्रार आहे, आणि ती अजून मिटलेली नाही.

या तक्रारीवर एक छोटा पक्ष साडेतीन दशकांहून जास्त काळ तग धरून आहे : ‘उनिओन देल पुएब्लो लेओनेस’, म्हणजे लेओनी जनतेचा संघ. सगळे त्याला यूपीएल म्हणतात. लेओन, थामोरा आणि सालामांका या तीन प्रांतांचा वेगळा स्वायत्त प्रदेश व्हावा, ही त्याची मूळ मागणी. राष्ट्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहात त्याचा एकही माणूस आजवर निवडून गेलेला नाही. प्रादेशिक विधिमंडळात एक ते तीन जागा, यापुढे तो कधी सरकला नाही. तरीही लेओन शहराची सत्ता कोणाकडे जाणार, हे अनेकदा याच पक्षाच्या दोन-तीन नगरसेवकांनी ठरवलं आहे.

मला या प्रकरणात रस वाटतो तो एका विसंगतीमुळे. वेगळा प्रदेश देण्याचा अधिकार नगरपालिकेकडे नाही, आणि यूपीएलला वजन मिळतं ते मात्र नगरपालिकेतच. मागणी एका दारात आणि ताकद दुसऱ्याच दारात, अशा अवस्थेत पक्षाने काय करायचं? यूपीएलने या प्रश्नाची दोन उत्तरं देऊन पाहिली. पहिल्या उत्तराने पक्ष जवळजवळ बुडाला. दुसऱ्याने त्याची मागणी एका राष्ट्रीय पक्षाच्या स्थानिक शाखेच्या तोंडून वदवून घेतली.

न विचारता बांधलेलं घर

आधी नकाशा समजून घेऊ. स्पेनमध्ये ५० प्रांत आहेत. प्रत्येक प्रांताला साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या जातीची एक प्रांतिक परिषद असते. प्रांतांच्या वर १७ स्वायत्त प्रदेश आहेत, त्यांना स्वतःचं विधिमंडळ आणि सरकार आहे, आणि शाळा-दवाखान्यांपासून शेतीपर्यंत रोजच्या जगण्यातला बराच कारभार त्यांच्या हातात आहे. १९७८च्या राज्यघटनेने हे प्रदेश आधी ठरवून दिलेले नव्हते. प्रांतांनी पुढाकार घ्यायचा, एकत्र यायचं, आपली सनद तयार करायची आणि संसदेकडून ती मंजूर करून घ्यायची, असा रस्ता आखून दिला होता.

या रस्त्याने सांतांदेर प्रांत बाहेर पडला आणि कांताब्रिया झाला. लोग्रोन्योचा ला रिओखा झाला. दोन्ही जुन्या कास्तियाच्या मानल्या गेलेल्या भूमीतले, आणि दोघांना एकेका प्रांताचा स्वतंत्र प्रदेश मिळाला. लेओनच्या प्रांतिक परिषदेने मात्र एप्रिल १९८० मध्ये कास्तियासोबत जाण्याचा ठराव केला. त्या निर्णयामागे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षातले लेओनचे मातब्बर नेते आणि माजी गृहमंत्री रोदोल्फो मार्तीन विया यांचं वजन होतं, असं लेओनमध्ये आजही बोललं जातं, आणि त्यांचं नाव तिथे फारशा प्रेमाने घेतलं जात नाही.

पुढे वारं फिरलं. १३ जानेवारी १९८३ रोजी त्याच प्रांतिक परिषदेने आपला ठराव मागे घेतला. प्रदेशाची सनद संसदेतून निघाली २५ फेब्रुवारीला. म्हणजे कायदा होण्याच्या सहा आठवडे आधी लेओनने ‘आम्हाला यात राहायचं नाही’ असं लेखी कळवलं होतं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं. सप्टेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : पुढाकार एकदा घेतला गेला आणि प्रक्रिया पुढच्या टप्प्यात गेली, की ज्याने सुरुवात केली त्याला ती एकट्याने थांबवता येत नाही. शेजारच्या सेगोव्हियाचं तर याहून वेगळं झालं. त्या प्रांताला यायचंच नव्हतं, त्याला संसदेने खास कायदा करून आत घेतलं. अशा रीतीने नऊ प्रांतांचा ‘कास्तिया ई लेओन’ उभा राहिला. सरकार वायादोलिद शहरात बसलं, विधिमंडळही पुढे तिथेच आलं, आणि लेओनकरांच्या रागाला एक पत्ता मिळाला.

निकाल कायद्याच्या चौकटीत बसतोच. पण कायदा संपतो तिथे राजकारण सुरू होतं. लोकांना आठवतं ते एवढंच, की आम्ही नको म्हणालो होतो. त्यातच १८३३ मध्ये मंत्री खाविएर दे बुर्गोस यांनी देशाची प्रांतवार विभागणी केली, तेव्हा लेओन, थामोरा आणि सालामांका हे तीन प्रांत ‘लेओनचं राज्य’ या मथळ्याखाली एकत्र लिहिले होते. त्या मथळ्याला स्वतःचं सरकार किंवा अधिकार नव्हते, पण शाळेच्या नकाशात तो पिढ्यान् पिढ्या टिकला. त्याच्याही मागे मध्ययुगीन लेओनचं राज्य आहे, जे १२३०मध्ये तिसऱ्या फेर्नांदोच्या काळात कायमचं कास्तियाशी जोडलं गेलं. ११८८ साली लेओनमध्ये भरलेल्या राजसभेत नगरांचे प्रतिनिधीही बसले होते. त्या सभेच्या दस्तऐवजांना युरोपातल्या संसदीय पद्धतीचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून २०१३मध्ये युनेस्कोने आपल्या स्मृतिसूचीत स्थान दिलं. एवढा इतिहास गाठीशी असलेल्या शहराला ‘तुम्ही प्रदेशाच्या नावातला दुसरा शब्द’ हे सांगणं जड जाणारच.

सत्तावीस खुर्च्या

यूपीएल १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या रागातून उभा राहिला. नव्वदच्या दशकात त्याचा चेहरा होते होसे मारिया रोद्रीगेथ दे फ्रान्सिस्को, बोलायला तडफदार आणि सभागृह गाजवणारे. १९९५ मध्ये प्रादेशिक विधिमंडळात दोन जागा, १९९९ मध्ये तीन. पक्षाच्या दृष्टीने ही भरभराट होती. वायादोलिदमध्ये मात्र पार्तिदो पोपुलार (पीपी) हा उजवा राष्ट्रीय पक्ष निर्धास्त बहुमतात होता, तिथे दोन-तीन आमदारांना कोण विचारतो? वजन होतं ते लेओन शहरात.

स्पेनमधली नगरपालिकेची निवडणूक कशी चालते हे पाहिल्याशिवाय हे वजन कळत नाही. मतदार नगरसेवकाला वेगळं मत देत नाही, पक्षाच्या यादीला देतो. पाच टक्क्यांखालच्या याद्या बाद होतात, बाकीच्यांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. लेओनच्या सभागृहात जागा २७. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीत नगरसेवक महापौर निवडतात, आणि त्यासाठी निम्म्याहून जास्त, म्हणजे १४ मतं लागतात. कोणालाच १४ मिळाली नाहीत, तर शहरात सर्वाधिक मतं मिळवलेल्या यादीचा पहिला उमेदवार आपोआप महापौर होतो. आणि एकदा महापौर बसला, की त्याला हटवायला नुसता अविश्वास पुरत नाही. त्याच ठरावात पर्यायी महापौराचं नाव द्यावं लागतं आणि त्याच्या मागे पुन्हा १४ हात वर यावे लागतात.

या नियमांमुळे दोन मोठ्या पक्षांच्या मधल्या छोट्या पक्षाला भाव येतो. पण तो भाव नेहमीच मिळतो असं नाही. मोठ्यांपैकी एकाला एकट्याने किंवा जोडीदारासह १४ गाठता आले, की तीन काय आणि पाच काय, छोट्याच्या खुर्च्या शोभेच्या. म्हणून अशा पक्षाचं नशीब त्याच्या स्वतःच्या मतांइतकंच इतरांच्या मतांवर अवलंबून असतं. ही गोष्ट त्याच्या कार्यकर्त्यांना सर्वांत जास्त टोचते.

२००४ : पहिलं उत्तर

२००३च्या निवडणुकीत ही संधी आली. आठ वर्षं महापौर असलेले पीपीचे मारिओ आमिलिविया पायउतार झाले आणि यूपीएलच्या पाठिंब्यावर समाजवादी पक्षाचे फ्रान्सिस्को फेर्नांदेथ महापौर झाले. यूपीएलने निवडलेला मार्ग रूढ होता : पाठिंबा द्यायचा, बदल्यात कारभारात वाटा घ्यायचा, आणि शहराच्या तिजोरीतून, समारंभातून, पाट्यांवरून लेओनपण जपायचं.

दीड वर्ष झालं नाही तोच घर फुटलं. २००४च्या अखेरीस यूपीएलच्या यादीवर निवडून आलेल्या दोन नगरसेवकांनी पीपीच्या अविश्वास ठरावावर सही केली, आणि आमिलिविया पुन्हा महापौर झाले. त्या दोघांपैकी एक होते खुद्द रोद्रीगेथ दे फ्रान्सिस्को, म्हणजे ज्यांच्या नावावर पक्ष ओळखला जायचा तेच. पुढे त्यांनी वेगळा लेओनवादी पक्ष काढला.

बाहेरून पाहणारा म्हणेल, सत्ता इकडची तिकडे झाली, एवढंच. पण छोट्या पक्षाच्या बाबतीत नुकसान वेगळ्या जागी होतं. मोठ्या पक्षाचे दोन नगरसेवक फुटले तर चिन्ह राहतं, मुख्यालय राहतं, राष्ट्रीय नेता टीव्हीवर दिसत राहतो. यूपीएलकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे फक्त एक वचन होतं : राष्ट्रीय पक्ष माद्रिदचं आणि वायादोलिदचं ऐकतात, आम्ही लेओनचं ऐकतो. दीड वर्षाच्या आत एकाच यादीतल्या माणसांनी आधी एका राष्ट्रीय पक्षाला आणि मग दुसऱ्याला महापौरपद मिळवून दिलं, तेव्हा मतदाराने त्या वचनाकडे कसं पाहायचं? ठरावामागची कारणं काहीही असोत, त्यात लेओनच्या वेगळ्या प्रदेशाचा विषय कुठेच नव्हता. यूपीएलच्या पुढच्या दशकाला ओहोटी लागली, त्याचं मूळ मी इथे पाहतो.

अशा फाटाफुटीविरुद्ध स्पेनमधल्या पक्षांनी १९९८ मध्येच आपसात एक करार केला होता, पण तो कागदावरचा होता. २०११ मध्ये देशभरातल्या अशा प्रकरणांना कंटाळून निवडणूक कायदा बदलला. ठरावावर फुटीर नगरसेवकाची सही असेल, तर तेवढ्या जास्तीच्या सह्या आणा, असा नियम आला. मात्र २०१७च्या डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने त्यातला एक महत्त्वाचा भाग रद्द केला. नगरसेवकाचं पद त्याच्या स्वतःच्या नावाने असतं, गट सोडला म्हणून त्याचे अधिकार सरसकट छाटता येत नाहीत, हा त्यामागचा विचार. पक्षांतरबंदी कायद्याच्या पळवाटा रोज पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटणार नाही.

२००७ मध्ये यूपीएलच्या साथीने फेर्नांदेथ परत आले. तोपर्यंत पक्षाची दोन शकलं लेओनच्याच मतदारासमोर मतं मागत होती. २०११ मध्ये पीपीने एकट्याने बहुमत घेतलं आणि यूपीएलकडे शहरात दोन जागा उरल्या. २०१५ मध्ये पीपीला १० आणि सिउदादानोस या नव्या मध्यममार्गी पक्षाला ४. बेरीज बरोबर १४. यूपीएलची एकुलती एक जागा कोणालाच नको होती. विधिमंडळातही २०११, २०१५ आणि २०१९ या तिन्ही वेळा एकच आमदार.

गावचावडीने धरून ठेवलेला पक्ष

मग तो संपला का नाही? माझ्या मते याचं उत्तर शहरात सापडत नाही, ते खेड्यात आहे.

लेओन प्रांतात २११ नगरपालिका-ग्रामपालिका आहेत, आणि त्यांच्याही खाली बाराशेहून जास्त ‘हुन्ता वेसिनाल’, म्हणजे एकेका वाडीच्या निवडून दिलेल्या समित्या. एवढ्या दाट स्वरूपात ही व्यवस्था स्पेनमध्ये क्वचितच आढळते. वाडीच्या सामायिक मालकीची कुरणं, रानं, पाट यांचा कारभार या समित्या पाहतात. जुन्या प्रथेनुसार घंटा वाजवून गावसभा बोलवायची, तिला ‘कोन्सेखो’ म्हणतात. पाट साफ करायचा, वाट दुरुस्त करायची तर घरटी एक माणूस कामाला येतो, त्याला ‘आसेन्देरा’. वाडीत हिवाळ्यात वीस माणसं राहत असतील, तरी ही चौकट शिल्लक आहे.

२०१३ मध्ये माद्रिदच्या सरकारने खर्चकपातीच्या नावाखाली स्थानिक संस्थांचा कायदा बदलायला घेतला. मसुद्यात या समित्याच गुंडाळायचा बेत होता. प्रांतभर ओरड झाली. शेवटी मंजूर झालेल्या कायद्यात समित्या वाचल्या, २०१४च्या अखेरपर्यंत हिशेब सादर करण्याची अट मात्र आली. हा लढा यूपीएलने एकट्याने लढला असं म्हणणं खोटं ठरेल. पण खेड्यापाड्यातल्या ग्रामपालिकांत त्याची माणसं होती, आणि राष्ट्रीय पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांना जे बोलताना वर पाहावं लागत होतं, ते या माणसांना खुलेपणाने बोलता येत होतं. माथियास योरेन्ते हे त्यातलं ठळक नाव : काब्रेरोस देल रिओ या लहान गावाचे अनेक वर्षं प्रमुख, शेतकरी संघटनेचे नेते, आधी समाजवादी, नंतर यूपीएलमध्ये. अशा माणसांमागची मतं प्रदेशाच्या नकाशासाठी कमी आणि पाण्या-कुरणाच्या कामासाठी जास्त असतात.

या खेड्यांतल्या जागा आणखी एका कारणाने मोलाच्या आहेत. प्रांतिक परिषदेचे २५ सदस्य लोक थेट निवडत नाहीत. तालुक्यासारख्या न्यायिक विभागांनुसार नगरसेवकांतूनच ते ठरतात. म्हणजे खेड्यात दहा ठिकाणी एकेक नगरसेवक असणं हे परिषदेत एक खुर्ची मिळवण्याचं भांडवल असतं. शहरात पक्ष एका जागेवर आला, तेव्हाही हे भांडवल पुरतं आटलं नव्हतं.

२७ डिसेंबर २०१९ : दुसरं उत्तर

२०१९च्या मे महिन्यात लेओन शहराचा निकाल असा लागला : समाजवादी १०, पीपी ९, सिउदादानोस ४, यूपीएल ३, पोदेमोस या डाव्या पक्षाला १. चार वर्षांपूर्वी १४ वर पोचलेली पीपी-सिउदादानोस जोडी आता १३वर अडकली. एक खुर्ची कमी. यूपीएलने त्यांना हात दिला नाही एवढ्यानेच समाजवादी पक्षाचे होसे अंतोनिओ दिएथ यांचा मार्ग मोकळा होत होता, कारण त्यांची यादी पहिली होती. यूपीएलचा भाव पुन्हा वधारला.

या वेळी पक्षाने तो भाव कुठे खर्च केला, ते पाहण्यासारखं आहे. २७ डिसेंबर २०१९ रोजी लेओनच्या सभागृहात यूपीएलचा ठराव आला : लेओन, थामोरा, सालामांका या प्रदेशाला स्वतःची स्वायत्तता मिळवण्याचा हक्क आहे आणि त्या दिशेने प्रक्रिया सुरू व्हावी. समाजवादी, यूपीएल आणि पोदेमोसच्या मतांवर तो मंजूर झाला. महापौर दिएथ स्वतः त्याच्या बाजूने उभे राहिले.

असा ठराव कायद्याने कोणावरही बंधनकारक नसतो. म्हणून अनेकांनी त्याला कागदी घोडा म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. समाजवादी पक्ष हा देशाचा सत्ताधारी पक्ष आणि कास्तिया ई लेओनमधला प्रमुख विरोधी पक्ष. या प्रदेशाची एकी हे त्याचं अधिकृत धोरण. त्याच्याच एका मोठ्या शहराच्या महापौराने या धोरणाविरुद्ध हात वर केला. पक्षाच्या प्रादेशिक नेतृत्वाला, तेव्हाचे सरचिटणीस लुईस तुदांका यांना, जाहीरपणे वेगळी भूमिका घ्यावी लागली. पुढच्या महिन्यांत प्रांतातल्या डझनावारी नगरपालिका-ग्रामपालिकांनी असेच ठराव केले, आणि थामोरा-सालामांकातल्याही मोजक्या गावांनी. पस्तीस वर्षांपूर्वी न्यायालयाने बंद केलेला विषय पुन्हा चर्चेत आला.

२००३मध्ये पाठिंब्याची किंमत पदांत मागितली होती. २०१९मध्ये ती मोठ्या पक्षाच्या मतदानाच्या रूपात मागितली गेली. पद आज आहे, उद्या फुटीत जाईल. सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदलेला हात मात्र पुढच्या निवडणुकीतही मागे घेता येत नाही. यूपीएलने पदं सोडली असा याचा अर्थ नाही. प्रांतिक परिषदेत तो समाजवाद्यांसोबत सत्तेत होता आणि योरेन्ते उपाध्यक्ष होते. पण पदांच्या पलीकडे दाखवायला त्याच्याकडे आता काहीतरी होतं.

याचं फळ फेब्रुवारी २०२२च्या विधिमंडळ निवडणुकीत दिसलं. एकाचे तीन आमदार झाले आणि लेओन प्रांतात पाचातलं एक मत यूपीएलला गेलं. आणि इथेच ती जुनी विसंगती पुन्हा आडवी आली. ८१ जागांच्या विधिमंडळात पीपीला ३१ आणि अतिउजव्या वॉक्सला १३ मिळाल्या, दोघांनी मिळून सरकार बनवलं. जिथे प्रदेशाच्या सनदेवर खरा निर्णय होऊ शकतो, तिथे यूपीएलच्या तीन हातांची गरज कोणाला पडली नाही. जुलै २०२४मध्ये वॉक्स सरकारातून बाहेर पडला, तेव्हा कुठे पीपीला बहुमतासाठी इकडेतिकडे पाहावं लागलं.

त्याच्या काही दिवस आधी, २६ जून २०२४ रोजी, लेओनच्या प्रांतिक परिषदेनेच यूपीएलचा वेगळ्या प्रदेशाचा ठराव समाजवाद्यांच्या साथीने मंजूर केला. १९८०मध्ये होकार देणारी, १९८३मध्ये तो मागे घेणारी तीच संस्था. माझ्या लेखी या प्रकरणातला हा सर्वांत वजनदार क्षण आहे, कारण राज्यघटनेच्या १४३व्या कलमात स्वायत्ततेचा पुढाकार घेणाऱ्यांत प्रांतिक परिषदेचं नाव पहिलं आहे.

मागणीतल्या कच्च्या जागा

मला लेओनकरांच्या तक्रारीबद्दल सहानुभूती आहे, आणि म्हणूनच तिच्यातल्या कच्च्या जागांवर बोट ठेवायला हवं.

पहिली कच्ची जागा थामोरा आणि सालामांका. कलम १४३ म्हणतं, संबंधित सर्व प्रांतिक परिषदा हव्यात, आणि प्रत्येक प्रांतातल्या दोन तृतीयांश नगरपालिका हव्यात, ज्यांत त्या प्रांताचे निम्म्याहून जास्त मतदार असतील. हे सगळं सहा महिन्यांत. जमलं नाही तर पाच वर्षं थांबायचं. एकट्या लेओनमध्ये याचा अर्थ २११पैकी १४१ नगरपालिका. आणि हे कलम प्रदेश पहिल्यांदा बनवण्यासाठी लिहिलेलं आहे. आधीच एका प्रदेशात असलेल्या प्रांताने बाहेर कसं पडायचं, याचा सरळ रस्ता राज्यघटनेत लिहिलेला नाही. सालामांकाला स्वतःचं विद्यापीठ आहे, स्वतःची ओळख आहे, आणि तिथे यूपीएलला नावापुरतीच मतं पडतात. थामोरातही लेओनसारखी हवा नाही. यूपीएलचे तिन्ही आमदार लेओन प्रांतातलेच होते. १८३३चा मथळा दाखवून आज दोन प्रांतांना सोबत ओढणं हे १९८३मध्ये लेओनसोबत जे झालं त्याच्या फार जवळ जातं. पक्षाने या प्रश्नाला समोरून भिडायला हवं, आणि ते तो पुरेसं करत नाही.

दुसरी जागा लेओनच्या आतच आहे. पश्चिमेकडचा बिएर्थो हा डोंगरांनी वेढलेला खोलगट मुलूख, मुख्य शहर पोनफेर्रादा. १८२२च्या अल्पजीवी विभागणीत तो स्वतंत्र प्रांत होता, आणि १९९१पासून त्याला कायद्याने स्वतःची विभागीय परिषद आहे. तिथल्या कर्करोगाच्या रुग्णांनी किरणोपचार आपल्याकडे मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली, कारण त्यासाठी लेओन शहर गाठावं लागे. लेओनकराला जसं वायादोलिद लांब, तसं बिएर्थोच्या माणसाला लेओन लांब. वायादोलिदची केंद्रशाही मोडून लेओनची बसवायची का, हा तिथला प्रश्न रास्त आहे.

तिसरी जागा सर्वांत अवघड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रांताची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती, आता साडेचार लाखांच्या आसपास आहे. कोळशाच्या खाणी २०१८च्या अखेरीस बंद झाल्या. २०२०मध्ये ला रोब्ला आणि कोम्पोस्तिया ही औष्णिक वीज केंद्रंही थांबली. लेओन शहराच्या मध्यात येणारी अरुंद रुळांची रेल्वे २०११पासून वेशीवरच थांबते, आणि उरलेल्या थोड्या अंतरासाठी प्रवाशांना बसमध्ये बसवतात. १६ फेब्रुवारी २०२० रोजी लेओन, पोनफेर्रादा आणि वियाब्लिनोमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले ते या सगळ्या हलाखीपायी. पण खाणींचा निर्णय ब्रुसेल्स आणि माद्रिदचा, रेल्वे माद्रिदची. यातलं वायादोलिदने केलेलं किती? उद्या वेगळा प्रदेश झाला तरी ती गाडी आपोआप शहरात येणार नाही. दवाखाने, शाळा, गुंतवणुकीचं वाटप यांत मात्र वायादोलिदला जबाबदार धरता येतं, आणि यूपीएलचं बोलणं तिथे असतं तेव्हा ते पटतं. सगळ्या दुखण्यांचं खापर एकाच दारावर फोडलं, की पटणारं बोलणंही हलकं होतं.

आता

२०२३च्या स्थानिक निवडणुकांनंतर दिएथ पुन्हा महापौर झाले. प्रांतिक परिषदेत यूपीएलच्या तीन सदस्यांच्या पाठिंब्यावर समाजवादी हेरार्दो आल्वारेथ कोउरेल अध्यक्ष आहेत. पीपीने लेओनच्या वेगळेपणाच्या ठरावांना विरोध केला आहे, आणि थामोरा व सालामांकाच्या प्रांतिक परिषदांकडून लेओनच्या ठरावाला जोड देणारा ठराव आलेला नाही. तो आल्याशिवाय १४३व्या कलमाचं पहिलं पाऊलसुद्धा पडत नाही.

पुढची स्थानिक निवडणूक मे २०२७मध्ये आहे. दिएथ यांच्यासारखा समाजवादी महापौर लेओनवादाची भाषा बोलू लागल्यामुळे यूपीएलसमोर नवी अडचण आहे : जी मागणी आता मोठा पक्षही बोलतो, तिच्यासाठी मतदाराने छोट्या पक्षाला मत का द्यावं? माझं लक्ष मात्र शहराच्या तीन खुर्च्यांपेक्षा दुसरीकडे आहे. सालामांका आणि थामोराच्या गावांत यूपीएलच्या याद्या किती लागतात, त्यावर स्थानिक माणसं किती आहेत, आणि त्या गावांना पक्ष लेओनचा इतिहास सांगतो की त्यांचं म्हणणं ऐकतो, हे त्या मे महिन्यात कळेल.